आधी नाव, मग काम

पुएर्तो होंदोच्या रेडिओ केंद्रात
काउंटरही माझा, मायक्रोफोनही माझाच.
मी एदेलमिरा कार्कामो. बारा वर्षं झाली.
निरोपाला शब्दामागे वीस पेसो,
पहिली ओळ फुकट.
मालक कुरकुरला होता. मी म्हटलं,
लोक काटकसर नेमकी तिथेच करतात
आणि असतं सगळं तिथेच.

वरच्या खोऱ्यांत एकेकटी राहतात माणसं:
मेंढ्या, कुत्रा, ट्रान्झिस्टर.
बॅटरी महाग. साडेबाराला लावतात,
पहिल्या ओळीला कान देतात,
आपली नसली की आवाज बारीक,
मग पुन्हा मोठा,
पुन्हा बारीक, तोवर किटलीला आधण.

आणि इकडून चिठ्ठ्या काय येतात?
"महत्त्वाचे."
"अति महत्त्वाचे."
"कृपया नीट ऐका."
मी दोन रेघा मारून खोडते.
अहो, पुमा आला रे आला किती वेळा म्हणाल?
कुणाला, कुठे, काय, एवढं लिहा:
"ओयार्सून, लागो वेर्दे: लोकरीची बोट गुरुवारी नाही, शुक्रवारी."
बघा, माणूस एवढ्यावरच उठून गोण्या शिवायला बसेल,
खालचं ऐकलं नाही तरी चालेल.

या नदीवर दोन फेलिसियानो आहेत.
एकदा एकाचा मुलगा दुसऱ्याला झाला.
पासष्टीचा, बिनलग्नाचा म्हातारा
दोन दिवस घोड्यावरून खाली आला,
टोपी हातात घेऊन दवाखान्याच्या दारात उभा.
तेव्हापासून मी आडनाव विचारते,
खोरं विचारते, दोनदा वाचून दाखवते.

उर्रुतिआ मास्तरांचं नमनालाच घडाभर तेल:
"आपणा सर्वांस ठाऊकच आहे की थंडीच्या या दिवसांत..."
मास्तर, काय हवंय?
"शिडी परत हवीय."
मग शिडी लिहा.
ते दुखावतात. शिडी तिसऱ्या दिवशी येते.

औदोलिया बार्रिआ दर मंगळवारी यायची,
बाहीला पीठ, बुटांना चिखल.
नवरा रिओ सोर्दोला, कुंपणाच्या कामावर.
तिनं लिहिलं:
"काही झालं नाही. आर्सेनिओ नाहुएलकिन, रिओ सोर्दो."
मी म्हटलं, उलटं झालं. आधी नाव, मग काम.
आणि काही झालंच नाही तर कळवता कशाला?
ती म्हणाली, बाई,
तुम्ही नाव घेता आणि मग श्वास घेता.
तेवढ्या श्वासात तो तिकडे
मला, मुलींना, आईला
एकेकीला पुरून मोकळा होतो.
आधी सांगा, काही झालं नाही.
मग नाव घ्या, आणि मग हवा तेवढा श्वास.

मी नियम सांगून पाहिला.
तिनं नाणी काढून मोजली:
या ओळीचे पैसे घ्या हवं तर.
घेतले नाहीत. तसंच वाचलं.
"काही झालं नाही. आर्सेनिओ नाहुएलकिन, रिओ सोर्दो: कोबी लावला."
"काही झालं नाही. आर्सेनिओ नाहुएलकिन, रिओ सोर्दो:
धाकटीचा दात पडला, तो तिनं तुझ्यासाठी ठेवलाय."
ज्यांचा या घराशी काही संबंध नाही
तेही म्हणे तेवढ्यापुरता आवाज मोठा ठेवायचे.

ऑगस्टमध्ये ती सोमवारी आली.
चिठ्ठी घरूनच लिहून आणलेली,
घडी अगदी चौकोनी.
आधी नाव होतं.
मग आडनाव, मग नदी.
बिनचूक, मी बारा वर्षं शिकवते तसं.
खाली आणखी चार शब्द.

साडेबाराला मी बटण दाबलं,
नाव घेतलं,
श्वास घेतला.
खालचं वाचलं नसतं तरी चाललं असतं.
वाचलं.
पैसे दिले होते तिनं.